मेरीचं गाव नक्की कोणत्या देशात?

परवा जिंतूरला मामांकडे गेले होते. सोबत मेरी होती, माझ्या लेकीची कॅनडातली मैत्रीण. दोघी एकाच हॉस्पिटलात नर्स आहेत. मेरी सध्या आमच्याकडे परभणीला राहायला आलीये.

मेरी मोहॉक, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांपैकी. गावाचं नाव अक्वेसास्ने. सेंट लॉरेन्स ही भलीमोठी नदी, गाव तिच्या दोन्ही काठांवर आणि मधल्या बेटांवर... आणि सरहद्द मधूनच गेलेली. थोडं कॅनडात, थोडं अमेरिकेत.

एवढं सांगितलं आणि फसले. मामांचे जावई, म्हणजे आमचे दाजी, यांनी विचारलं, म्हणजे ही अमेरिकेची का? मी म्हटलं, घर कॅनडात आहे. मग मोबाइलवर नकाशा उघडला, शेजारचेही आले... प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, आणि भाषांतराला मी एकटी!

मेरी बिचारी फोटो दाखवत होती. नदीवरचे पूल, जहाजांना वर चढवणारे पाण्याचे दरवाजे, काठावरचं जुनं दगडी चर्च. तर दाजींना हवा नायगारा. तो तिथून पाच-सहा तास लांब आहे, हे किती वेळा सांगावं माणसाने?

शेवटी दाजींनी निकालच दिला. "पासपोर्ट ज्याचा, माणूस त्याचा. ह्यात एवढं काय हाय?"

मेरीने अर्थ विचारला, मी सांगितला. तिने मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला. पाहुणीला घरी आणून दुखावलं आपण... मला दाजींचा आणि स्वतःचाही संताप आला.

मामा इतका वेळ बाजेवर नुसते ऐकत होते. ऐंशी पार केलेला माणूस. त्यांनी मला हळूच विचारलं, "तिची माय कुठं राहती?"

मी तिला विचारलं, तशी मेरी बोलू लागली. ती बेटावर राहते, आई पलीकडच्या टोकाला. दोन्ही घरं कॅनडात, पण रस्ता अमेरिकेतून. परतताना तर स्वतःच्या घरावरून पुढे जायचं, पूल ओलांडून कॅनडाच्या नाक्यावर हजेरी द्यायची, मग त्याच पुलावरून मागे घरी. आई आजारी असली तरी सुटका नाही.

मामांनी मान हलवली. ते सांगू लागले, जिंतूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि त्यांच्या आईचं माहेर लोणारकडे, म्हणजे इंग्रजांच्या वऱ्हाडात. माहेरहून येताना नाक्यावरचे जकातवाले गाठोडं सोडायला लावायचे, चोळीचा खणसुद्धा उलगडून बघायचे.

"माय म्हणायची, मुलूख कुणाचा बी आसंल... वाट माज्या माहेराची हाय."

हे सगळं मी मेरीला इंग्रजीत सांगितलं. मेरी उठून मामांजवळ बाजेवर बसली. तुमच्या आईचं नाव काय, एवढंच तिने विचारलं. "गंगाबाई," मामा म्हणाले. ते नाव तिने दोनदा नीट म्हणून पाहिलं.

दाजी मग उठून सगळ्यांसाठी चहा सांगून आले.

देश विचारणारे आम्ही घरभर होतो... आई कुठे राहते, हे विचारणारं एक माणूस होतं, म्हणून आमच्या घराची लाज राहिली.