चाचांनी न उडवलेला मेसेज

चाचांनी ग्रुपवरचा मेसेज उडवला की पाठोपाठ त्यांचा फोन यायचाच. "बाई, उडवला हं. मुद्दा खरा हाय, पण राजकारण इथं न्हाय."

रेवसच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं फाडण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर ते आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन झाले. लाँच बंद आहे, शेळी हरवलीय, एवढंच तिथे चालायचं. कुणाला रक्त हवं असलं, की चार तरुणांना रिक्षात घालून चाचा स्वतः अलिबाग गाठायचे.

एकदा अकरा दिवस नळाला पाणी नव्हतं. ग्रामपंचायतीला जाब विचारणारा माझा मेसेज उडाला, तेव्हा मी चिडलेच. "चाचा, पाणी मागणं हे राजकारण असेल तर आम्ही बोलायचं कुठे?" दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मेसेज एका बोटाने पुन्हा टाइप करून टाकला, चुकांसकट. आठवड्यात पाणी आलं. "तुमचंच बरोबर. आजपासून बंदी उठली," म्हणाले. मला केवढा अभिमान वाटला होता!

मग निवडणूक आली. भांडणं आधी उमेदवारांवरून झाली, नंतर धर्मावरून. चाचा नुसते हात जोडल्याचं चित्र टाकत. एका दुपारी एकाने लिहिलं, "ॲडमिनने आधी स्वतःचा देश कुठला ते सांगावं." त्याच्याच वडिलांसाठी चाचांनी रक्त मिळवलं होतं.

फोन आला. "वाचलंत, बाई?"

"वाचलं. उडवा ना ते."

"मी उडवला तर म्हणतील, झोंबलं. तुमच्यातलं कुणीतरी बोलायला हवं."

"मी लिहिते," म्हटलं.

लिहायला बसलेही. पण माझे दीर तो मेसेज टाकणाऱ्याच्याच पक्षाचं काम करत होते. दोन ओळी लिहिल्या, पुसल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा पुसल्या. गावातल्या दुसऱ्या कुणीही अवाक्षर काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी चाचा ग्रुपमधून बाहेर पडले. गावाचे दोन ग्रुप झाले. ते लेकीकडे माणगावला राहायला गेले आणि वर्षभरात तिथेच वारले. बातमी दुसऱ्या ग्रुपवर आली. मला आठवड्याने कळली.

भेटायला गेले, तेव्हा चाची मला जवळ बसवून म्हणाल्या, "त्या दुपारी फोन हातात धरूनच बसलेले. मला दाखवलान पण, 'बघ, बाई लिहितायत, इथं दिसतंय.' मग ते दिसायचं बंद झालं. तरी जेवायला उठले न्हाय."