ब्रेक सगळ्यांनाच असतो

नीमाताई गेल्याचं तिच्या भावाने कळवलं तेव्हा मी परळला, आमच्या कंत्राटी शिक्षकांच्या संघटनेच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. टांझानियातल्या टांगा नावाच्या बंदराच्या गावाहून आलेला आवाजी निरोप. बहीण पहाटे गेली, दफन आजच, तुमच्या आईला नीट सांगा... एवढंच, अगदी शांतपणे. हातातला गठ्ठा मी बांधून संपवला आणि लालबागपर्यंत चालत गेले. आईने माझं तोंड पाहिलं आणि गॅस बंद केला.

नीमाताई मुंबईतल्या एका विद्यापीठात स्वाहिली शिकवायची. आफ्रिकेशी धंदा करणारे कॉटन ग्रीनचे दोन-तीन व्यापारी, बोटीवर जाणारी माझगावची पोरं आणि नुसत्या कुतूहलाने आलेली मी, असा तिचा वर्ग. आमच्या शेजारची काकांची खोली रिकामी होती, ती तिने भाड्याने घेतली. चाळीत आफ्रिकन बाई राहायला येणार म्हटल्यावर लोकांनी आईला काय काय विचारलं ते इथे लिहीत नाही, लाज वाटते. पण पहिल्याच रविवारी ती आमच्या खोवणीवर कुणी न सांगता बसली आणि आईपेक्षा भरभर नारळ खोवला. त्यांच्या घरीही असंच बसून खोवतात म्हणे. आई खूश. वर्षभरात ती लालबागच्या बाजारात बोंबलांवरून मराठीत भांडायला लागली, तेही आमच्या आईच्या मालवणी हेलात. माझी पत्रकं मात्र तिला पसंत नव्हती. "तू सगळंच ओरडून लिहितेस गं," म्हणायची, "माणूस वाचायच्या आधीच कान झाकतो." आज ती नाही म्हणून हळू लिहायचा प्रयत्न करतेय. जमेल असं वाटत नाही.

आपल्याकडे कंत्राटी शिक्षकाला वर्ष संपलं की चार-आठ दिवस ब्रेक देतात आणि मग नवी ऑर्डर. सलग नोकरी झाली तर माणूस उद्या कायम करा म्हणेल, ही भीती. आम्ही इतके सरावलोय की त्या दिवसांत गावी जाऊन आंबे खाऊन येतो, ऑर्डर उशिरा निघाली तरी कुरकुरत थांबतो. पण परदेशी शिक्षकाचा व्हिसा त्या ऑर्डरवरच उभा असतो. नोकरी चालू आहे, हा माणूस आम्हाला हवा आहे, असं विद्यापीठाने लिहून दिलं तर मुदत वाढते. नोकरीत भोक पडलं की या देशात राहण्याचा हक्कच संपतो. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. परदेशी माणसाला नोकरीवर ठेवायचं तर त्याचे कागद कोण बघणार, याचं टेबलसुद्धा तिथे नव्हतं.

आणि त्या पहिल्याच वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. परळच्या हॉस्पिटलात उपचार सुरू झाले. आई डब्यात पेज घेऊन जायची आणि "गो बाय, दोन घास तरी खा" म्हणत समोर बसून राहायची. उपचार लागू पडत होते. अशात वर्ष संपत आलं. मी तिला घेऊन उपकुलसचिवांकडे गेले. यंदा ब्रेक देऊ नका, नाहीतर हिला देश सोडावा लागेल, हॉस्पिटलचे कागद हे घ्या, असं सांगितलं. गृहस्थ वाईट नव्हते. चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, ब्रेक सगळ्यांनाच असतो. तुमच्या एकटीचा काढला तर उद्या बाकीचे कोर्टात जातील." मी बोलणार इतक्यात नीमाताईने माझ्या हातावर हात ठेवला.

"साहेब, ब्रेकमध्ये तुमची माणसं घरी बसतात. मला घरी बसायचं तर समुद्र ओलांडावा लागतो."

ते हसले. छान मराठी बोलता म्हणाले. फाइल पुढे पाठवतो, पंधरवड्यात ऑर्डर निघेल, तोवर जाऊन या. कुणी सुचवलं, रुग्ण म्हणून व्हिसा काढा. पण त्यावर नोकरी करता येत नाही, आणि नोकरी नाही तर औषधं कशाने आणायची? ती टांगाला गेली. फाइल विधी विभागात गेली, तिथून वित्त विभागात, तिथून एका समितीकडे. समितीची बैठक सुट्ट्यांमुळे पुढे गेली. मी रोज जाऊन बसायचे. तिकडे तिच्या गावात ते उपचार नव्हते. फोनवर ती फक्त वर्गाचं विचारायची. पोरं धडे करतायत ना...

परळच्या डॉक्टरांना मी नंतर सरळ विचारलं, इथे असती तर वाचली असती का? ते म्हणाले, सांगता येत नाही, पण उपचार अर्धे सोडायची वेळ नव्हती. म्हणून विद्यापीठाने तिला मारलं असं मी लिहिणार नाही. त्यांनी तिला आमच्यापासून, तिच्या औषधांपासून, एका शिरस्त्यासाठी दूर पाठवलं, हे मात्र लिहिणार, आणि ओरडूनच लिहिणार. ती जाऊन तेरा दिवस होत आले तेव्हा ऑर्डर निघाली. रुजू न झाल्यास नियुक्ती रद्द समजण्यात येईल, असं शेवटी होतं. मी ती आईला वाचून दाखवली. आईने दोनदा वाचायला लावली.

गेल्या आठवड्यात एक दलाल आला. खोली रिकामी आहे असं कळलं, चांगलं गिऱ्हाईक आहे म्हणाला. आतमध्ये नीमाताईची चादर अजून गादीवर आहे, खिडकीत कपड्यांचे चिमटे आहेत, आई रोज केर काढते. ती दारातच उभी राहिली.

"रिकामी खंय? बाय गावाक गेली हा."

"कधी येणार?"

मी मागेच होते. खोटं विधान ऐकलं की तोंड उघडायची मला सवय आहे. उघडलं नाही.

"ऑर्डर इली की येतली," आई म्हणाली, आणि दार लावून घेतलं.