उपासाचं गाडगं

ईस्टरच्या आधीचे उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी फादरांनी आम्हा सगळ्यांच्या कपाळाला राख लावली, वेदीपाशी परत गेले, आणि नेहमीचा उपदेश न करता एवढंच सांगितलं, की यंदा उपास माफ आहे. सगळं गाव अर्धपोटी असताना उपास कसला करायचा, देव एवढा निष्ठुर नाही, असं ते म्हणाले. बायकांनी पदराने डोळे पुसले, पुरुष खाली माना घालून बसले. आई मात्र माझ्या शेजारी ताठ बसून होती. कपाळावरची राख भुवईवर ओघळली होती, ती तिने पुसली नाही. घरी येताना वाटेत म्हणाली, "उपास माझा हाय, फादरचा न्हाई. त्यांनी कसा माफ केला?"

मला तेव्हा तिचा संतापच आला. पोटात काही नाही आणि ही उपासावरून भांडायला निघाली. पण तिला एवढं का लागलं हे समजायचं, तर गाडग्याचं सांगायला हवं.

अहमदपूरहून कंधारकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची वस्ती होती. मूठभर कॅथलिक घरं, पत्र्याचं छोटं चर्च आणि त्याच्या मागं एक कडुलिंब. फादर तालुक्याच्या गावी राहायचे, रविवारी फटफटीवर यायचे. ते आले की मास्तर घंटा वाजवायचे. मास्तर म्हणजे आमचे धर्मशिक्षक. फादर नसताना प्रार्थना घेणं, पोरांना क्रूस करायला शिकवणं, मयताला उभं राहणं हे सगळं त्यांच्याकडं. रविवारच्या उपासनेला, म्हणजे मिस्सेला, ढोलकी आणि पेटी असायची, बायका डावीकडं सतरंजीवर, पुरुष उजवीकडं. गुरुवारी संध्याकाळी पाळीपाळीनं कोणाच्या तरी घरी जपमाळेची प्रार्थना व्हायची, आणि ज्याच्या घरी पाळी त्यानं गुळाचा चहा पाजायचा. आमचा आठवडा असा या रविवारपासून त्या रविवारपर्यंत जायचा.

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत आमच्याकडे दर शुक्रवारी एक वेळ जेवण सोडायची रीत होती. सोडलेल्या जेवणाची मूठभर जवारी बाजूला काढायची, आणि रविवारी मिस्सेला जाताना ती वेदीच्या पायरीवर ठेवलेल्या गाडग्यात टाकायची. कोणी किती टाकली हे पाहायचं नाही. ईस्टरच्या आदल्या दिवशी, दिवस मावळला की ते गाडगं वस्तीतल्या सगळ्यांत अडलेल्या घरी पोचायचं. घर कोणतं हे फादर आणि मास्तर ठरवायचे. पोचवायचं काम माझ्या आईचं.

हे काम तिच्याकडं कसं आलं माहीत नाही, पण मला कळायला लागल्यापासून ते तिचंच होतं. त्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसायची, गाडग्याचं तोंड फडक्यानं बांधायची, डोक्यावर पदर घेऊन निघायची. तिचे नियम कडक होते. त्या घरी बसायचं नाही. पाणी प्यायचं नाही, म्हणजे त्यांना काही परत द्यावंसं वाटायला नको. गाडगं उंबऱ्याच्या आत ठेवायचं, "जय येशू" म्हणायचं आणि मागं न पाहता निघायचं. घेणाऱ्या घराचाही एक नियम होता. आठवडाभरात गाडगं परत करताना तळाशी एक मूठ ठेवायची. रिकामं गाडगं देवाच्या घरी परत गेलं की बरकत जाते, असं म्हणत. ती मूठ पुढच्या वर्षापर्यंत राहायची नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, उंदरांना तर जास्तच. पण ती ठेवायची म्हणजे ठेवायची. मूठ ठेवणारं घर घेणारं राहत नाही, देणाऱ्यांत परत येतं, असं आईचं म्हणणं होतं.

आमच्याकडं शेत नव्हतं, गाय नव्हती. वस्तीबाहेरच्या लोकांसाठी आम्ही कोणीच नव्हतो. पण वर्षातून एकदा आई गाडगं घेऊन निघायची तेव्हा ती कोणीतरी असायची. ती चालायचीसुद्धा निराळी. मी तिला चिडवायची, "निघाली बघा पाटलीण." ती लटकं रागवायची, पण तिला ते आवडायचं.

उपास माफ झाला त्याच्या थोडं आधी जिल्हा नवा झाला होता. उस्मानाबादेतून निघून आम्ही लातुरात आलो, म्हणजे आम्ही होतो तिथंच होतो, कागदावर सरकलो. वस्तीत पेढे वाटायची कोणाची ऐपत नव्हती, पण बोलणं पेढ्यांसारखंच गोड होतं. कलेक्टर जवळ आला, आता रस्ता होईल, पाणी येईल. आबा, म्हणजे माझे वडील, गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. लातूरला नवी हापिसं बांधायला निघाली आणि आबा तिकडं गेले. सुरुवातीला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती काहीबाही पाठवायचे. मग पावसानं लागोपाठ तोंड फिरवलं. विहिरी आटल्या, आणि बांधकामाला पाणी कुठलं, म्हणून तीही कामं थांबली. आबा पुढं कुठंतरी गेले असं कोणीतरी सांगितलं. कुठं, ते सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

मी आणि आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचो. मी लग्नाच्या वयाची होते, आणि त्या वर्षी लग्नाचं नाव कोणी काढत नव्हतं हे एका परीनं बरंच होतं. घरी धाकटा भाऊ होता, सतत आजारी. गुरुवारची जपमाळ बंद पडली, कारण चहाला गूळ आणि पाणी कोणाकडंच नव्हतं, आणि कोरड्या प्रार्थनेला बोलवायची लाज वाटायची. चर्चच्या दारातल्या भांड्यातलं पवित्र पाणी कधीच सुकलं होतं. तरी आत जाताना माणसं सवयीनं त्यात बोटं घालत आणि कोरड्या बोटांनी क्रूस करत.

अशात फादरांनी उपास माफ केला. फादर चांगले होते, हे मी आजही म्हणेन. स्वतःचं रेशन आणून वाटत होते. पण आमच्या आईला त्यांनी काय केलं हे त्यांना कळलं नाही. गरिबाकडं सोडायला काय असतं? एक जेवण. तेसुद्धा तुमच्याकडं नाही, असं त्यांनी वेदीवरून सांगितलं होतं.

पहिल्या रविवारी आम्ही मिस्सेला गेलो तर वेदीच्या पायरीवर गाडगं नव्हतं. आई सरळ मागच्या खोलीत गेली, गाडगं काढलं, पदरानं पुसलं आणि पायरीवर आणून ठेवलं. मग कमरेची पुरचुंडी सोडून मूठभर जवारी त्यात टाकली. रिकाम्या गाडग्यात दाणे पडल्याचा आवाज सगळ्या चर्चमध्ये ऐकू गेला. दुसरं कोणीच उठलं नाही.

घरी मी तिच्यावर ओरडले. "पोराला भाकर न्हाई आन् तू गाडग्यात टाकून राहिलीस?"

"माझ्या पोटातलं टाकते. पोराच्या पोटातलं न्हाई."

"तुझ्या पोटात हाय काय?"

शुक्रवारी ती खरोखरच काही खात नव्हती. पण बाकीच्या दिवशीही ती काय खाते हे मी पाहत होते. आम्हाला वाढून झालं की तव्यावरचा करपा खरवडून तोंडात टाकायची आणि पाणी प्यायची. तिची भूक आणि तिचा उपास यांत आता काही फरक उरला नव्हता. तो फरक ती पोटाला चिमटा काढून, त्या एका मुठीनं टिकवून धरत होती.

दर रविवारी तेच. आई उठायची, मूठ टाकायची, खाली येऊन बसायची. तिसऱ्या रविवारपर्यंत लोकांना ते सहन होईना. दाणे वाजले की माणसं दुसरीकडं पाहायची. मिस्सा सुटल्यावर एक बाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "आमी काय पोटातलं ओकून टाकावं का आता?" दुसरी म्हणाली, "हिचं लईच झालं." कोणाचं चुकत होतं असं मला वाटत नाही. ज्यांच्याकडं टाकायला काही नव्हतं त्यांच्यासमोर ती टाकत होती. तिला ते कळत होतं, तरी ती थांबली नाही. पण त्या दिवसांत प्रार्थनेत आमच्या स्वर्गातल्या बापाकडं रोजची भाकर मागायची ओळ आली की ती गप्प राहायला लागली. आधीची ओळ मोठ्यानं म्हणायची, पुढची मोठ्यानं म्हणायची, मधली नाही.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी शिंदीच्या झावळ्याही मिळाल्या नाहीत. कडुलिंबाचे वाळके डहाळे घेऊन आम्ही चर्चभोवती फिरलो. त्याच आठवड्यात, शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, आई खडीवर पडली. हातातला हातोडा बाजूला ठेवला आणि नीट, हळू, जशी झोपायला आडवी होते तशी पडली. मुकादमानं तोंडावर पाणी मारलं. वस्तीतल्या बायकांनी तिला धरून घरी आणली. त्यांनी आमची चूल पाहिली, पिठाचा डबा उघडून पाहिला. झाकण लावताना एकमेकींकडं पाहिलं. मला तेव्हा त्यांचा राग आला. आज वाटतं, त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं?

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आई अंथरुणावर होती. दिवस मावळत होता. दारात मास्तरांच्या घरच्या मास्तरीणबाई आल्या, हातात फडक्यानं तोंड बांधलेलं गाडगं.

आईनं ते पाहिलं आणि उठली. खरंच उठली. हात टेकत उभी राहिली, केसांवरून हात फिरवला, डोक्यावर पदर घेतला, आणि हात पुढं करून विचारलं, "कुणाच्या घरी न्यायचं हाय?"

मास्तरीणबाईंनी गाडगं आमच्या उंबऱ्याच्या आत ठेवलं. मी पाणी द्यायला वळले तर त्यांनी मान हलवली. "जय येशू" म्हणाल्या, आणि मागं न पाहता गेल्या.

आई तशीच उभी राहिली, हात पुढं करून. मग हात खाली आले. गाडग्यात तिच्याच मुठी होत्या. दुसऱ्या कोणी काही टाकलंच नव्हतं.

ते दाणे मी दळले. ईस्टरला आम्ही भाकर खाल्ली. भावाला दोन दिल्या, त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी तजेला आला. आईनंही खाल्ली. ताटावर मान खाली घालून, भराभर, कोणी हिसकावून घेईल अशी. त्या सकाळी फादरांनी प्रभू उठला म्हणून सांगितलं, ढोलकी वाजली, आणि मला त्यातलं काहीच खरं वाटलं नाही. मी ते कोणाला सांगितलं नाही, आजवर.

आठवड्यानं गाडगं परत करायचं होतं. तळाशी ठेवायची मूठ मी दळायच्या आधीच काढून कोनाड्यात पुरचुंडीत बांधून ठेवली होती. एवढं तरी तिच्या मनासारखं व्हावं. शनिवारी कामावरून आले, गाडगं धुतलं, कोनाड्यात हात घातला तर पुरचुंडी नव्हती.

"माय, मूठ कुठं हाय?"

आई भिंतीला टेकून बसली होती. "खाल्ली," ती म्हणाली. "तू खडीवर गेलतीस तवा तव्यावर भाजली आन् खाल्ली. पोरगं निजलं होतं. त्याला बी न्हाई दिली."

हे ती माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाली. मी रागवावं अशी तिची अपेक्षा असावी. रागवले असते तर कदाचित तिला बरं वाटलं असतं. पण मला नुसतं रडू आलं.

गाडगं मी तसंच चर्चमध्ये नेलं. फडकं घट्ट बांधलं, आत काहीतरी आहे असं वाटावं म्हणून दोन्ही हातांनी धरून नेलं. मास्तरीणबाईंनी फडकं सोडलं, आत हात घातला, आणि गाडगं मागच्या खोलीत पालथं ठेवलं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. आबाही आले, वाळलेले, खोकत. राखेच्या बुधवारी फादरांनी उपास पुन्हा सुरू केला आणि हसून आईकडं पाहिलं. म्हणाले, "गाडगं काढा बाई. तुमच्याशिवाय कोण नेणार?"

आई जागेवरून उठली नाही. "दुसऱ्या कोणाला सांगा, फादर," ती म्हणाली. "आमी घेणाऱ्या घरातले."

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. एकही रविवार तिनं चुकवला नाही, फक्त बसायला मागं, दाराजवळ लागली. आणि उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी दोन्ही वेळा जेवायची, भिंतीकडं तोंड करून.