पुलाच्या कचेरीत गेलेलं गाव

मोजणी कचेरीत तिला सगळे रेघाताई म्हणत. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. पट्टी न लावता हातभर सरळ रेघ ओढायची आणि मान वर करून "हं, पुढचं" म्हणायचं, ही तिची ख्याती. सत्तावीस वर्षं ती लोकांच्या जमिनींचे नकाशे काढत आली होती. कुणाचं कुंपण, कुणाची विहीर, कुणाच्या दारातून कुणाची वाट. लोकांना नकाशा लागतो तो बहुधा भांडायला, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी दोन सख्ख्या भावांच्या घराची वाटणी तिच्याकडे आली. स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत दाखवायची होती. तिने दाखवली. नकाशा घ्यायला धाकटा भाऊ आला, तो खिडकीशी उभ्या उभ्या रडायला लागला. रेघाताई घरी आली आणि एका वाया गेलेल्या ट्रेसिंग कागदावर तिने उगाचच एक गाव काढलं. वाकडी नदी, तिच्या कडेने घरं, मागे टेकडी. नाव दिलं ऊनखेडे. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला, चिन्हांची सूची लिहिली, आणि तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

मग तो नादच लागला. विसरलेल्या छत्र्यांचा बाजार भरणारं गाव, फक्त जिन्यांचं शहर, सावलीच्या बाजूने आखलेले रस्ते. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी येणारा. तो कौतुकाने बघायचा आणि "यातलं कुठलं बंदर मला ठाऊक नाही बुवा" म्हणायचा. घरात एरवी ती आणि थोरली नणंद, दोघीच. नणंदेने त्या गुंडाळ्यांकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्या शुक्रवारी रेघाताईने एक घोडचूक केली. नवं गाव जवळजवळ पुरं झालं होतं, समोच्च रेषा तेवढ्या राहिल्या होत्या, म्हणजे टेकडीची सारखी उंची दाखवणाऱ्या त्या वळणावळणाच्या रेषा. जेवणाच्या सुट्टीत उरकू, म्हणून ती गुंडाळी तिने कचेरीत आणली. सुट्टीत त्या रेषा काढल्या, कागद गुंडाळून टेबलावर ठेवला आणि ती साहेबांनी बोलावलं म्हणून आत गेली. परत आली तर टेबल रिकामं.

"पुलाच्या कचेरीची गाडी आली होती," दप्तरदार म्हणाले. "पाच नकाशे द्यायचे होते ना? टेबलावरचे सगळे दिले. सहा भरले. म्हटलं, ताईंनी एक जास्तीचा काढला असेल."

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. नवा पूल बांधायचा होता, त्याच्या दोन्ही काठांचे ते पाच नकाशे. आणि त्यांच्यात नदीकाठचं एक अख्खं गाव, नीटस अक्षरात, सरकारी कागदावर. फोन करावा, तर तिकडे कुणी उचलेना. पुढचे दोन दिवस सुट्टीचे.

शनिवारी ती ताटावर नुसतीच बसून राहिली, तेव्हा नणंदेने विचारलं, "चोरी केलीस का?"

"नाही, वन्सं."

"कुणाचा जीव घेतलास?"

"काहीतरीच काय!"

"मग काय झालंय ते सांग आधी."

रेघाताईने सगळं सांगितलं. नोकरी जाईल, सत्तावीस वर्षांच्या कामावर पाणी फिरेल, लोक हसतील. नणंदेने ऐकून घेतलं. "सोमवारी उठून जा आणि सांगून मोकळी हो. आपण होऊन सांगितलेली चूक निम्मी असते. दुसऱ्याने पकडली की तीच दुप्पट."

सोमवारी कचेरीचं दार उघडायच्या आधीच रेघाताई पुलाच्या कचेरीच्या पायरीवर उभी होती. तिथले इंजिनिअर पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, तीनच महिन्यांपूर्वी बदलून आलेले. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि बुटांपासून गुडघ्यापर्यंत चिखल होता. टेबलावर तिचाच कागद पसरलेला होता.

"साहेब, मी मोजणी कचेरीतून आले. हा नकाशा..."

"तुम्ही काढलात?" ते ताडकन उठले. "अहो बाई, बसा, बसा. हे गाव कुठे आहे तेवढं सांगा. दोन दिवस शोधतोय मी!"

"शोधताय?"

"नाहीतर काय! पुलाचा रस्ता आखून वर पाठवला मी. हे बघितलं आणि हातपाय गळाले. म्हटलं, दोनशे घरं आपल्या नजरेतून सुटली, आता रस्ता लोकांच्या अंगणातून जाणार. कुणाला विचारायची सोय नाही, नवा माणूस, हसंच व्हायचं. दोन्ही दिवस गाडी घेऊन नदीकाठ पालथा घातला. एक मेंढपाळ भेटला, तो म्हणाला, हो, पूर्वी होतं बहुतेक."

रेघाताईने कागदावर बोट ठेवलं. "साहेब, हे गाव कुठेच नाही. मी मनाने काढलंय. घरी बसून, हौस म्हणून. चुकून तुमच्याकडे आलं."

इंजिनिअर धपकन खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

"एकही घर नाही?"

"एकही नाही, साहेब."

"वाचलो!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की शिपाई दारात डोकावला. "चहा आण रे, दोन!"

मग त्यांना हसू फुटलं, आणि ते बघून तिलाही. दोन दिवस छातीवर बसलेला दगड कुठे घरंगळला ते तिला कळलंसुद्धा नाही. डोळ्यांतून मात्र पाणी येत होतं.

चहा पिता पिता इंजिनिअर पुन्हा कागदावर वाकले. "काम बाकी सुरेख. पण हा ओढा चढावर वाहतोय हो."

तिने पाहिलं. खरंच. सुट्टीतल्या घाईत रेषा उलट्या पडल्या होत्या. कानशिलं तापली. सत्तावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिने तिथेच पेन मागून घेतलं, कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'काल्पनिक' लिहिलं, आणि गुंडाळी काखेत मारून आपल्या कचेरीत येऊन साहेबांनाही सगळं सांगितलं. ते फायलीतून मान वर न करता म्हणाले, "घरचं घरी ठेवत जा, ताई." बस्स. एवढंच.

संध्याकाळी नणंद दारातच उभी होती. सगळी हकीकत ऐकल्यावर म्हणाली, "एका शहाण्या माणसाला दोन दिवस रानोमाळ हिंडवलंस, म्हणजे आहे तरी काय त्यात? बघू."

रेघाताईने कपाटाच्या वरून गुंडाळ्या काढल्या. सतरंजी गुंडाळून जमीन मोकळी केली आणि एकेक गाव पसरलं, कोपऱ्यांवर वाट्या ठेवून. नणंद गुडघे धरत खाली बसली. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली ती बाई, तिची बोटं आपोआप कागदाची कड चाचपायला लागली. जिन्यांचं शहर तिने वरपासून खालपर्यंत, गल्ली न गल्ली बघितलं.

"एवढं मोठं शहर," ती शेवटी म्हणाली, "आणि शिंप्याचं एक दुकान नाही? ही माणसं घालतात काय?"

"राहिलंच की, वन्सं."

"इथे काढ. या कोपऱ्यावर. उजेड चांगला येईल."

रेघाताई पेन आणायला उठली.