भिंतीला पाठ लावून बसणारा

दिसेल त्याचा फोटो काढून सोशल मीडियावर टाकायचा, हा मूर्खपणा मी सत्तरीत केला. आता पंचाहत्तरीत अक्कल आली आहे. तेव्हा अल्लड होते.

लंडनमधल्या पिनरच्या लायब्ररीत एकजण रोज भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचा. दार उघडलं की वाचत्या ओळीवर त्याचं बोट थांबायचं. नाव त्याने कधी सांगितलं नाही. तो पत्रकार होता आणि आपल्या देशाच्या राजाविरुद्ध लिहिलं म्हणून पळून आला होता, एवढंच कळलं. "मग आता कसली भीती? हे लंडन आहे," मी शहाणपण शिकवलं. तो हसून पुन्हा दाराकडे बघू लागला.

संक्रांतीला त्याला तिळगूळ दिला आणि 'गोड बोला'चा अर्थही सांगितला. "गोड बोललो असतो तर आज घरी असतो," तो म्हणाला. लाडू मोडून त्याने अर्धा मला दिला आणि मी गिळेपर्यंत स्वतःचा तोंडात घातला नाही. मला वाटलं, काय संस्कार आहेत. त्या भरात मी गुपचूप फोटो काढला आणि 'पिनर लायब्ररीतला माझा नवा मित्र' म्हणून टाकला.

दुसऱ्या दिवशी तो प्रथमच दाराकडे पाठ करून माझ्यापुढे उभा राहिला. त्याच्या फोनवर माझाच फोटो होता, कुण्या अनोळखी नंबरवरून आलेला. खाली एकच शब्द होता: 'सापडलास.'

मी लगेच फोटो डिलीट केला. तो जॅकेटची चेन लावत म्हणाला, "आजी, लाडू छान होता. आता मला घर बदलावं लागेल."