वन्संची पाठ

आमच्या वन्संच्या पाठीने जेवढा मार खाल्ला, तेवढा भावकीत कुणी खाल्ला नसेल. भाऊ पाच आणि या एकट्या बहीण. त्यामुळे प्रत्येक बारशाला आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान यांचा, आणि ते सांगताच जमलेल्या बायकांचे धपाटेही यांचेच. "हळू गं भवान्यांनो, पाठ हाय का हलगी?" असं ओरडत पुढच्या बारशाला पुन्हा वाकायच्या.

बहात्तरच्या दुष्काळात मला सातव्याच महिन्यात मुलगा झाला. नगरच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. वन्सं खर्ड्याहून एसटीने आल्या. मी तेव्हा मॅट्रिक पास, म्हणजे दीडशहाणी. पेटीतला दिवा पाहून मला वाटलं, आढीतल्या आंब्यासारखं पोर थोड्या दिवसांत तयार होईल. हे मी वन्संना समजावूनही सांगितलं! एरवी त्यांनी माझी सालटी काढली असती. त्या दिवशी नुसतं "व्हय बाई" म्हणाल्या.

पेटीवर चिठ्ठी होती ती माझ्या नावाची. मी हट्ट धरला, आत्ताच त्याचं नाव ठेवा.

"पाळण्यात घातल्याबिगर न्हाई," वन्सं म्हणाल्या. "घरी न्हेऊ, घुगऱ्या वाटू, मग नाव. इथं का म्हणून? ते काय घरी यायचं न्हाई का?"

मी रुसले. रुसायला वेळ तरी कोणती निवडावी! कापसात गुंडाळलेलं ते पोर मधूनच श्वास घ्यायचं विसरे. नर्स तळपायाला टिचकी मारी, तेव्हा छाती हले. वन्सं काचेपाशी पुटपुटत, "घे रं राजा, अजून एक घे."

एका दुपारी टिचक्या वाढत गेल्या. डॉक्टर बाजूला झाले. नर्सने पेटी उघडली आणि त्याला माझ्या मांडीवर दिलं.

वन्संनी डोक्यावरचा पदर सावरला. वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं. "माधव," म्हणाल्या. आणि तशाच वाकून राहिल्या.

"मार की गं."

मला कळेना.

"पाठीत मार. दुसरं कोन हाय हितं?"

मी मारलं. एकदा मारल्यावर हात थांबेना. वन्सं एकदाही "हळू" म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी माधव गेला.

पुढे माझ्या दोन्ही मुलींच्या बारशाला बायकांबरोबर मीही हात उचलला, की वन्सं मान वळवून म्हणायच्या, "तू न्हाई. तुझं देऊन झालंय."

त्या गेल्या तेव्हा शेवटची आंघोळ घालताना पाठ मीच धुतली. हळू.