जगदेवभाऊंची आख्खी सीट

कामरगावात ड्रायव्हर पुष्कळ आहेत, पण जगदेवभाऊ एकच. हे मी शेजारी म्हणून नाही, एक कटकट्या मास्तर म्हणून सांगतो. माझ्या तोंडून शाबासकी काढणं किती अवघड आहे, ते माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा.

सव्वीस वर्षं त्यांनी कामरगाव-कारंजा काळीपिवळी चालवली. ज्यांनी ती जीप पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्या बाकड्यावर ड्रायव्हर धरून चौघं बसायचे. दोघं ड्रायव्हरच्या डावीकडे आणि एक उजवीकडे, दाराला चिकटून. उजवीकडची जागा सडपातळ आणि भरवशाच्या माणसालाच मिळे, कारण त्याने कोपर आवरून बसायचं असे. मी कारंजाच्या शाळेत शिकवत होतो तेव्हा अकरा वर्षं ती जागा माझी होती, आणि मला तिचा मोठा रुबाब वाटे. ड्रायव्हर मात्र सगळा रस्ता अर्ध्या ढुंगणावर. तशातही भाऊ इतक्या अलगद गिअर टाकत की मागे बसलेली माझी आई, धनीबाई, चालत्या जीपमध्ये अडकित्त्याने सुपारी कातरायची. तिचं बोट कधी कापलं नाही.

पुढे काळीपिवळी बंद झाली आणि भाऊंनी एक जुनी पांढरी कार घेतली. गिअरचीच. क्लच नसलेल्या गाड्या आता निघाल्या आहेत हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मंग ड्रायवरनं कराचं काय? झोपाचं?"

चारेक वर्षांनी आईच्या हृदयाची झडप बदलली आणि दर तीन महिन्यांनी मुंबईच्या दवाखान्यात दाखवणं आलं. कारंजाहून समृद्धी महामार्गाला लागलं की पाचशे किलोमीटरच्या वर सरळ रस्ता. आईची अट एकच. "जगदेव नेत असन त जाईन. नाही त मी घरीच बरी." दुसऱ्या कोणाच्याही गाडीत तिला मळमळतं, आणि माझी आई एकदा नाही म्हणाली की डॉक्टरचा बापही तिला हलवू शकत नाही.

पहिल्या फेरीत जालना गेलं आणि भाऊ डावी मांडी चोळू लागले. नाशिकच्या अलीकडे त्यांचं बोलणं बंद झालं. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, भाऊ उतरले आणि दार धरून तसेच उभे राहिले. डावा पाय पार बधिर. मी त्यांना काखेत धरून बाजूला नेलं. दारावरचा वॉचमन हसून म्हणाला, "काका, आता ड्रायव्हर ठेवा." मला त्याचा असा राग आला की काय सांगू. पण खरं सांगतो, मनातून मीही तेच म्हणत होतो.

घरी आल्यावर भाऊंनी स्वतःच विषय काढला.

"मास्तर, मावशीचा जीव असा मेलेल्या पायावर नाही नेत मी. पुढच्या टाइमलेबी पाय मेला त गाडी इकून टाकीन. पुन्हा स्टेरिंगले हात लावणार नाही."

हा माणूस बोलला की करतो. म्हणजे तीन महिन्यांत पाय सुधारला नाही तर गाडी जाणार, ड्रायव्हरकी जाणार आणि आईचा दवाखानाही जाणार.

मग उपाय सुरू झाले. तेल झालं. लाकडी मण्यांचं सीट कव्हर झालं. मी दिलेली उशी झाली, तिने कंबरही धरली. गॅरेजवाल्याने तपासलं तर क्लच प्लेट वेळेआधीच झिजलेली. "भाऊ, तुमचा पाय चोवीस तास क्लचवरच असते," तो म्हणाला. भाऊंनी ते मान्य केलं. आमच्या रस्त्यावर म्हैस, खड्डा, बैलगाडी यांच्यात पाय क्लचवरून काढायला सवड कोणाला होती? पण महामार्गावर गाडी पाचव्या गिअरमध्ये तास-तास पळते, तरी पाय काही खाली येईना.

कोडं सोडवलं ते भाऊंच्या बायकोने, सोजरवहिनींनी. त्यांनी आयुष्यात कधी स्टीअरिंगला हात लावलेला नाही. आम्ही सगळे शिरपूरला एका लग्नाला निघालो होतो. वहिनी मागे, आईजवळ. महामार्गाला लागल्यावर त्या बराच वेळ नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"अवो, तुमच्या उजव्या अंगाले कोन बसलं हाये?"

"कोनी नाही. येडी झाली का?"

"मंग एवढी जागा कोनासाठी सोडून राह्यले?"

भाऊंनी उजवीकडे पाहिलं. मीही वाकून पाहिलं. दार आणि त्यांची मांडी यांच्यामध्ये सीटची वीतभर जागा रिकामी होती. शरीर सगळं डावीकडे सरकलेलं, डावा गुडघा गिअरच्या खोक्याला दाबलेला, पाय क्लचवर अधांतरी. जीप भंगारात जाऊन चार वर्षं झाली होती आणि हा माणूस अजून दाराजवळच्या चौथ्या माणसाला जागा देत होता.

ती जागा माझी होती. मला एकदम भरून आलं, आणि आई व वहिनी मात्र खदाखदा हसत होत्या.

दुखणं सापडलं, पण सव्वीस वर्षांची खोड महिन्यात जाते होय? सीटवर पुरं बसलं की भाऊंना गाडी वाकडी चालल्यासारखी वाटे. रोज सकाळी ते सरावासाठी महामार्गाने कारंजापासून शेलूबाजारपर्यंत जात आणि परत येत. वहिनींनी वाकळेची घट्ट वळकटी करून सीटच्या डाव्या बाजूला खोचली, सरकायला जागाच ठेवली नाही. भाऊंनी सीट मागे घेतली, गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी. पाठ उभी केली. आणि एके दिवशी डावा पाय आपोआप क्लचच्या बाजूच्या सपाट जागेवर जाऊन टेकला. "मास्तर, ही जागा पायासाठीच बनवली हाये न हो!" त्या दिवशी हा चोपन्न वर्षांचा माणूस मला रस्त्यावरूनच हाका मारत आला.

ठरल्या दिवशी सकाळी सहाला निघालो. दर दोन तासांनी भाऊ थांबत, गाडीभोवती चार चकरा मारत, पाणी पीत आणि पुन्हा बसत. जालना गेलं, मी त्यांच्या मांडीकडे बघितलं. नाशिक गेलं, ते आईशी मिरचीच्या भावावर वाद घालत होते. काळजी करकरून मलाच झोप लागली, तीही पाय सीटखाली घेऊन, मान दाराला टेकवून.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली. भाऊ उतरले. दोन्ही पायांवर ताठ उभे राहिले, शर्ट झटकला आणि आईचं दार उघडायला पलीकडून चालत आले. तेवढ्यात मी उतरलो आणि तिथेच बसलो. माझा डावा पाय गेला होता. भाऊंनी मला काखेत धरून उचललं. ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

आत खिडकीवरच्या मुलीने एकच पास पुढे केला. "पेशंटबरोबर एकच जण जाऊ शकतो. कोण जाणार?"

मी हात पुढे केला.

"जगदेवले दे," आई म्हणाली. "त्यानंच आनलं मले. तू बस इथंच, तुह्यानं उभं त राहवत नाही."

पास छातीला लावून जगदेवभाऊ माझ्या आईचा हात धरून आत गेले. मी बाकावर बसून पाय चोळत होतो, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होतो की तो जो चालला आहे ना, तो आमच्या गावचा ड्रायव्हर आहे.